पहिली गुंतवणूक : पुण्यातील फ्लॅट की केजमधील प्लॉट?

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातून नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावलेल्या कुटुंबांपुढे काही वर्षांतच एक प्रश्न उभा राहतो. साठवलेली रक्कम शहरातील महागड्या फ्लॅटमध्ये गुंतवावी, की कमी पैशात गावाकडे प्लॉट घ्यावा? दोन्ही पर्यायांत जोखीम आहे. मात्र तिचे स्वरूप वेगळे आहे. शहरात ती हप्त्यांची असते, तर गावात ती कागदपत्रांची असते.

शहराचे गणित

उदाहरणादाखल ५० लाखांचा फ्लॅट घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देते. म्हणजे १० लाख स्वतःचे हवेत. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार रुपये वेगळे. ४० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३६ हजार रुपये पडतो. वार्षिक भाडे किमतीच्या ३ टक्के धरले, तर हाती महिना साडेबारा हजार येतात. उरलेले साडेतेवीस हजार पगारातून भरावे लागतात. ही तूट पेलता येत नसेल, तर किंमत वाढण्याच्या आशेवर कर्ज काढणे धोक्याचे ठरते.

गावाकडील प्लॉट

केज हे तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. मांजरसुंबा ते अंबाजोगाई मार्गावरील या गावात रस्त्यालगतच्या जमिनींकडे गुंतवणूकदारांचे लक्ष साहजिकच जाते. तथापि रिकाम्या प्लॉटला भाडे मिळत नाही आणि छोट्या गावात गरजेच्या वेळी ग्राहक लगेच सापडत नाही. पाच-सात वर्षे लागणार नाही, एवढीच रक्कम त्यात घालावी.

खरी पारख सातबाऱ्यापासून सुरू होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्या काळातील इनामी जमिनींबाबत १९५४ चा स्वतंत्र कायदा आहे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नये. देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनींपासून तर दूरच राहावे.

दुसरा धोका तुकडेबंदीचा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार बीडसह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे. २०२५ मध्ये नागरी क्षेत्रांतील जुने व्यवहार नियमित करण्याची तरतूद झाली. पण ती सवलत प्रत्येक शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा नोटरी करून विकला जात असेल, तर भाव कितीही कमी असला तरी तो टाळावा. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने; नोटरी केलेल्या कागदाने नव्हे.

इसार देण्यापूर्वी

* चालू सातबारा, जुने फेरफार व सर्व वारसांची संमती पाहावी.
* वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा.
* रेखांकनाची मंजुरी व अकृषिक वापराची स्थिती नगरपंचायत आणि तहसील कार्यालयात तपासावी.
* भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी.
* ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील प्लॉटच्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी. नोंदणीकृत करारापूर्वी प्रवर्तकाला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

छोट्या रकमेचा मार्ग

एवढे भांडवल नसलेल्यांसाठी ‘रीट’ हा पर्याय आहे. कार्यालयीन इमारतींच्या भाड्यातील वाटा त्यातून मिळतो. भारतातील पहिले रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात दाखल झाले. २०२१ पासून बाजारात एक युनिटही घेता येते. मात्र युनिटचे भाव खाली-वर होतात, हे विसरू नये.

गावाकडे व्यवहार ओळखीवर ठरतात. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कागद न पाहता दिलेला इसार अनेकदा पैशाबरोबर नातेही घेऊन जातो. वकिलाची फी व मोजणीचा खर्च हा म्हणूनच गुंतवणुकीचा पहिला हप्ता समजावा.