डाइव्ह संगणक

डाइव्ह संगणक हे स्कूबा डायव्हिंग करताना खोली आणि वेळ सतत मोजून, त्यावरून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनाचा अंदाज बांधणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. पाणबुड्याला त्या खोलीवर आणखी किती वेळ थांबता येईल, किती वेगाने वर यावे आणि वाटेत कोठे थांबावे, याची माहिती ते देते. हे उपकरण बहुधा घड्याळाप्रमाणे मनगटावर बांधतात. काही वेळा ते हवेच्या नळीला जोडलेल्या कन्सोलमध्ये बसविलेले असते. हौशी पाणबुड्याच्या पहिल्या संगणकाच्या बाबतीत वैशिष्ट्यांच्या संख्येपेक्षा वाचण्यातील सुलभता, सावध गणना आणि वापरातील साधेपणा हे गुण अधिक महत्त्वाचे मानले जातात.

गरज
समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १ बार असतो. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक १० मीटर खोलीला तो साधारण १ बारने वाढतो. त्यामुळे ३० मीटरवर पाणबुड्या ४ बार दाबाखाली श्वास घेत असतो. हवेतील सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनाचा असून वाढत्या दाबाखाली तो रक्तात व ऊतींत अधिकाधिक विरघळतो. वर येताना दाब कमी होतो आणि हा वायू फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. पाणबुड्या घाईने वर आल्यास सोड्याची बाटली एकदम उघडल्याप्रमाणे शरीरात वायूचे बुडबुडे तयार होऊ शकतात. यातून होणाऱ्या आजारास डीकम्प्रेशनचा आजार किंवा बोलीभाषेत 'बेंड्स' म्हणतात. सांधेदुखी, त्वचेवरील चट्टे, बधिरता आणि गंभीर प्रसंगी पक्षाघात ही त्याची लक्षणे आहेत. शुद्ध प्राणवायू देणे आणि दाबकक्षात उपचार करणे हे त्यावरील मुख्य उपाय आहेत.

इतिहास
ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी सहकाऱ्यांसह शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली डीकम्प्रेशनची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके प्रसिद्ध केली. शरीराच्या निरनिराळ्या ऊती निरनिराळ्या वेगाने नायट्रोजन शोषतात व सोडतात, हे गृहीत धरून त्यांनी ५ ते ७५ मिनिटे अर्धकाळ असलेले पाच काल्पनिक ऊतिगट मानले. पुढील अनेक दशके पाणबुडे छापील कोष्टके, खोलीमापक आणि घड्याळ यांवर विसंबून राहिले. १९५९ मध्ये इटलीत सच्छिद्र घटकातून वायू झिरपू देणारे एक यांत्रिक डीकम्प्रेशन-मापक तयार झाले. १९८३ मध्ये बाजारात आलेला 'ऑर्का एज' हा हौशी पाणबुड्यांसाठीच्या पहिल्या यशस्वी इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक होय. झुरिच येथील आल्बर्ट ब्यूलमन यांनी विकसित केलेले १६ ऊतिगटांचे प्रारूप आज अनेक संगणकांत वापरले जाते. त्यातील सर्वांत मंद गटाचा अर्धकाळ ६३५ मिनिटे आहे.

कार्यपद्धती
संगणकात दाब मोजणारा संवेदक, घड्याळ, तापमापक आणि सूक्ष्म प्रक्रियक असतो. तो दर काही सेकंदांनी दाब नोंदवून प्रत्येक ऊतिगटातील नायट्रोजनाची पातळी पुन्हा काढतो. थांबे न घेता थेट वर येता येईल, अशा उरलेल्या वेळेस विनाथांबा मर्यादा म्हणतात. ही पडद्यावरील सर्वांत महत्त्वाची संख्या होय.

कोष्टक आणि संगणक यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या हौशी कोष्टकात विनाथांबा मर्यादा १८ मीटरवर ५६ मिनिटे, तर ३० मीटरवर २० मिनिटे आहे. पाणबुड्या ३० मीटरवर पाच मिनिटे थांबून उरलेला वेळ १२ मीटरवर राहिला, तरी साधे कोष्टक संपूर्ण बुडी ३० मीटरची धरते. संगणक मात्र उथळ पाण्यातील वेळ उथळच मोजतो. त्यामुळे बुडी लांबते. परंतु कोष्टकात आपोआप मिळणारी सुरक्षेची जादा मोकळीक त्या प्रमाणात कमी होते.

पहिल्या संगणकाची निवड
वाचनसुलभता : खोली, बुडीचा कालावधी आणि विनाथांबा मर्यादा या तीन संख्या एका दृष्टिक्षेपात, मोठ्या अंकांत दिसणे आवश्यक आहे. गढूळ पाण्यात, मुखवट्याच्या काचेतून लहान अक्षरे वाचणे कठीण जाते. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसणाऱ्या व्यक्तींनी याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रंगीत पडदे अंधारात स्पष्ट दिसतात. मात्र ते बहुधा वारंवार चार्ज करावे लागतात. साध्या एलसीडी पडद्याच्या संगणकाची बॅटरी तुलनेने दीर्घकाळ टिकते.

गणनेची सावधता : एकाच बुडीसाठी दोन कंपन्यांचे संगणक वेगवेगळी विनाथांबा मर्यादा दाखवू शकतात, कारण त्यांची गणितीय प्रारूपे आणि मूळ मांडणी भिन्न असते. बहुतेक उपकरणांत सावधतेची पातळी वाढविता येते. ब्यूलमन प्रारूपावरील काही संगणकांत ती ४०/८५ अशा दोन टक्केवारींनी, म्हणजे ग्रेडियंट फॅक्टरने दर्शवितात. दुसरी संख्या जितकी लहान, तितका पृष्ठभागावर पोहोचताना शरीरात कमी नायट्रोजन उरतो. उपकरण किती अधिक वेळ देते यापेक्षा ते कोणत्या गृहीतकावर चालते, हे जाणून घेणे नवशिक्यासाठी अधिक उपयुक्त ठरते.

नायट्रॉक्स : नायट्रॉक्स म्हणजे हवेपेक्षा अधिक प्राणवायू असलेले मिश्रण. ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणात नायट्रोजन कमी असल्याने विनाथांबा मर्यादा वाढते. परंतु प्राणवायूच्या विषबाधेच्या धोक्यामुळे १.४ बार या मर्यादेनुसार ते सुमारे ३३ मीटरपलीकडे वापरत नाहीत. नायट्रॉक्सची सोय आज साध्या संगणकांतही आढळते. पुढील प्रशिक्षणाचा विचार करता पहिल्याच उपकरणात ती असणे हितावह असते.

बटणे व सूचना : हातमोजे घालूनही दाबता येणारी बटणे, सोपी मेनूरचना आणि वर येण्याचा वेग वाढल्यास स्पष्ट इशारा आवश्यक असतो. पूर्वीच्या कोष्टकांत मिनिटाला १८ मीटरपर्यंत वेग मान्य होता. आता सामान्यतः ९ ते १० मीटरची मर्यादा पाळली जाते. ५ मीटरवरील तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा संगणकाने आपोआप मोजल्यास सोयीचे होते.

बॅटरी व दुरुस्ती : स्वतः बदलता येणारी बॅटरी दूरच्या बेटांवर उपयोगी पडते. मात्र झाकणाखालील ओ-रिंगवर वाळूचा कण किंवा केस राहिल्यास पाणी आत शिरू शकते. दुरुस्तीची सोय कोठे आहे, हे खरेदीपूर्वी पाहणे योग्य ठरते.

दुय्यम सोयी : टाकीतील दाब बिनतारी पद्धतीने दाखविणारा प्रेषक, अंकीय होकायंत्र आणि मोबाइलशी जोडणी या सोयी उपयुक्त असल्या, तरी पहिल्या उपकरणासाठी अनिवार्य नाहीत. प्रेषक असला तरी अनेक पाणबुडे साधा दाबमापकही सोबत ठेवतात. खोली दाखविणारे प्रत्येक स्मार्ट घड्याळ हे डाइव्ह संगणक नसते. त्यात विनाथांबा मर्यादेची गणना होते काय, हे तपासावे लागते.

मर्यादा
डाइव्ह संगणक पाणबुड्याच्या शरीरातील नायट्रोजन प्रत्यक्ष मोजत नाही. तो केवळ दाब आणि वेळ मोजतो व उर्वरित अंदाज गणिताने बांधतो. थकवा, थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता, वय किंवा बुडीतील परिश्रम यांचा पूर्ण हिशोब त्याला लागत नाही. म्हणूनच मर्यादेच्या आत राहूनही क्वचित आजार उद्भवू शकतो आणि मर्यादा शून्यावर येईपर्यंत तळाशी थांबणे अनुचित मानले जाते.

एक संगणक दोघांनी वापरणे असुरक्षित आहे, कारण दोघांची खोली क्षणोक्षणी सारखी राहत नाही. त्याचप्रमाणे एका दिवसातील दोन बुड्यांच्या मध्ये संगणक बदलल्यास नव्या उपकरणाला आधीच्या बुडीतील नायट्रोजनाची माहिती नसते. जोडीदारांचे संगणक भिन्न मर्यादा दाखवीत असल्यास अधिक सावध उपकरणाचे पालन करतात. बुडी चालू असताना संगणक बंद पडल्यास बुडी थांबवून, हळूहळू वर येऊन, सुरक्षा थांबा घेऊन बाहेर पडणे आणि त्यानंतर साधारणतः २४ तास पुन्हा बुडी न मारणे, असा संकेत आहे. आवश्यक थांबे न घेतल्यास अनेक संगणक २४ ते ४८ तास गणना देणे बंद करतात.

भारतातील संदर्भ
महाराष्ट्रात मालवण-तारकर्ली, तसेच गोव्यात ग्रँड आयलंड परिसरात अनेक पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून कमी खोलीवर पहिली बुडी मारतात. अशा अनुभवात्मक बुडीसाठी पर्यटकाला स्वतःच्या संगणकाची गरज नसते. प्रशिक्षण घेऊन १८ मीटरपर्यंत स्वतंत्र जोडीने बुडी मारू लागल्यावर ती निर्माण होते. त्या टप्प्यावर भाड्याने दोन-तीन प्रकारचे संगणक वापरून पाहिल्यास निवड सोपी जाते.

अंदमान किंवा लक्षद्वीप येथील सहलीत अनेक दिवस बुड्या होतात आणि परतीचा प्रवास बहुधा विमानाने असतो. विमानातील कमी दाबामुळे उरलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनानुसार एका विनाथांबा बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. संगणकावरील विमानचिन्ह हा अवधी दाखविते. तथापि त्याने यापेक्षा कमी वेळ दाखविल्यास मोठा अवधी पाळणे सुरक्षित होय.