१,१७१ ठेकेदारांत एक

मित्रहो, राखीव जागा म्हटलं की आपल्यापुढे कॉलेज येतं, नोकरी येते, निवडणूक येते. टेंडर येत नाही. पण सरकार रस्ते बांधतं, गणवेश घेतं, खुर्च्या घेतं, पाइप घेतं. हा पैसा ठेक्यातून वाहतो. त्या वाटेवर आपण कुठे? खडी टाकायला आणि गटार उपसायला.

मी सूतगिरणीतला कामगार. इतिहास मला कुणी शिकवला नाही, रात्रपाळीनंतर मीच वाचला. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा दहावा खंड डिक्शनरी घेऊन वाचत होतो. त्यातल्या एका आकड्यापाशी अडलो.

साल १९४२. जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आहेत, शिक्षण आहे आणि सरकारी ठेकेही आहेत. केंद्राचं बांधकाम खातं त्यांच्याच हाताखाली होतं. त्या खात्याचे ठेकेदार १,१७१. त्यांत अस्पृश्य किती? एक. देश 'चले जाव' म्हणत होता, तेव्हा आपला बाप ठेकेदारांची यादी तपासत होता.

१९४३ च्या ऑगस्टात केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. नोकरीचं दार किलकिलं झालं, ठेक्याचं बंदच राहिलं. मला कारण साधं दिसतं. नोकरीत आपला माणूस चाकर राहतो. ठेक्यात तो मालक होतो, चौघांना कामाला लावतो, हिशोबाची वही स्वतः लिहितो. हे कुणाला सोसणार?

२००२ साली भोपाळच्या परिषदेत दलित विचारवंतांनी मागणी पुन्हा मांडली. केंद्राचा आदेश निघायला २०१२ उजाडलं. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी २० टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी, त्या वीसांतले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांचे. २०१८ ला विसाचे पंचवीस झाले. आपले चार चारच राहिले.

सवलती आहेत. टेंडरचा फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. आपला दर सगळ्यात खालच्या दराहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तर त्या खालच्या दराला उतरून मालाचा काही वाटा पुरवता येतो. म्हणजे सरकारचा एक पैसाही जास्त जात नाही. याला कुणी भीक म्हणू नये.

आता गोम बघा. आपले उद्योग टेंडरला आले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर ते ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून घ्या, असं आदेशातच लिहिलंय. आपला हिस्सा रिकामा राहिला तरी साहेबाचं काही अडत नाही. दुसरं, आदेश माल आणि सेवांपुरता. बांधकामाचे ठेके त्याच्या बाहेर. बाबासाहेबांनी बोट ठेवलं, नेमकं तेच वगळलं! २०१५ पासून आदेश सक्तीचा झाला, तरी पुढे कित्येक वर्षं आपल्याकडून झालेली खरेदी एक टक्क्याच्याही खाली राहिली.

बांधकामात हिस्सा देता येत नाही, हे खोटं आहे. कर्नाटकाने २०१७ मध्ये ५० लाखांपर्यंतच्या कामांत २४.१ टक्के ठेके अनुसूचित जाती-जमातींना राखून दिले.

आणि पँथरांनी १९७२ ला ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या काळ्या बांधवांची अमेरिका बघा. १९७३ ला अटलांटा शहराने मेनार्ड जॅक्सन हा पहिला काळा महापौर निवडला. शहराच्या ठेक्यांत काळ्यांचा वाटा तेव्हा एक टक्काही नव्हता. विमानतळाचं प्रचंड काम निघालं. जॅक्सन अडून बसला : काळ्यांच्या आणि इतर अल्पसंख्याकांच्या धंद्यांना २५ टक्के द्या, नाहीतर काम सुरू होणार नाही. शेवटी हिस्सा द्यावाच लागला. १९८० ला नवं टर्मिनल उघडलं. आभाळ काही कोसळलं नाही.

फरक इथं आहे. तिथं हिस्सा दिल्याशिवाय काम हलत नव्हतं. इथं हिस्सा न देताच काम पुढे सरकतं.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, ४ टक्क्यांचं नुसतं कौतुक नको. ते रिकामे राहिले की दुसऱ्याला देणारं कलम काढा, बांधकाम आत घ्या, ही मागणी लावून धरा. कागदावर आपल्या माणसाचं नाव आणि गल्ल्यावर दुसराच, असं दिसलं तर तेही चव्हाट्यावर आणा. आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या गावातल्या प्रत्येक सरकारी कचेरीकडून ठेकेदारांची यादी मागा. बाबासाहेबांनी दिल्लीत मोजलं. आपण तालुक्यात मोजू.

जय भीम.