रंगूनचे सिनेगॉग आणि आपण

(लीड्स येथील स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढे आपल्या कोकणात, रत्नागिरीस, आणून ठेवले. १९१६ साली तो तेथेच निवर्तला. राजा कोकणात आला, तर कोकणची माणसे पोटापाण्यासाठी ब्रह्मदेशाच्या नव्या राजधानीत, रंगूनला गेली. त्यांत बेने इस्राएलही होते. माझे आजोबा तेथे रेल्वेत कारकून होते.

अलौंगपया राजाने १७५५ साली या नगरास 'यांगोन', म्हणजे वैराचा शेवट, असे नाव दिले. १८५२ साली शहर जिंकल्यावर इंग्रजांनी तेथे सरळ रस्ते आखून त्यांना आकडे दिले. सव्विसाव्या रस्त्यावर 'मुस्मिया येशुआ' सिनेगॉग आहे. पहिले, १८५४ सालचे, लाकडी होते; सध्याची पक्की इमारत १८९६ साली पुरी झाली.

ते बगदादी मंडळींनी बांधले. प्रार्थनेस आपण चालत होतो. विश्वस्त निवडण्याच्या वेळी मात्र आपले मत नाकारले गेले. १९३०च्या दशकात आपल्या लोकांनी रंगूनच्या हायकोर्टात दाद मागितली आणि हक्क मिळवला. आजोबांनी या विजयाची बढाई कधी मारली नाही. शब्बाथला शेजारी बसणाऱ्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली, याचेच त्यांना वाईट वाटे.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी बाँब पडले. वादी आणि प्रतिवादी दोघेही निर्वासित होऊन हिंदुस्थानात आले. युद्धानंतर थोडेच परतले. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर त्यांतलेही बहुतेक निघून गेले. २००५ साली राजधानीही नेपिडोला हलली. यांगोन आजही देशातील सर्वांत मोठे शहर आहे, पण २०२१ पासून पुन्हा लष्करी अमलाखाली आहे. सिनेगॉगच्या भोवती मुसलमान व्यापाऱ्यांची दुकाने आहेत. सॅम्युएल्स कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या त्याची निगा राखली. परदेशी पाहुणे आले, तरच तेथे मिन्यान पुरे होते.

आपल्या लीड्समध्ये चॅपेलटाउन रोडवरील घुमटाचे सिनेगॉग आपण पाहतोच. वस्ती उत्तरेकडे सरकली आणि तेथे आता नृत्याचे विद्यालय भरते. इमारत टिकते, तिचे सिनेगॉगपण माणसांवर अवलंबून असते.

रंगूनला आज दहावा माणूस बगदादी की बेने इस्राएल, हे कोण विचारील? आपणही येथे कोणास विचारू नये. आणि आपल्यालाच कोणी विचारले, तर मन दुखावून घरी बसू नये. हक्काने आत जाऊन बसावे.