ओळख परेडीच्या आधीची ओळख

मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोद्याजवळ जळालेला मृतदेह सापडला आणि २०१५ मध्ये तपासयंत्रणेने त्याच्या ओळखीसाठी डीएनए चाचणीचा आधार घेतला. मृताची ओळख हाडांवरून पडताळता येते. मारेकऱ्याची ओळख मात्र पेण-रोह्यापासून नाशिकपर्यंत कुठेही अनेकदा साक्षीदाराच्या स्मरणावरच उभी असते, आणि म्हणून ते स्मरण पहिल्यांदा काय म्हणाले, याला नंतर संशयितांना साक्षीदारापुढे उभे करून घेतलेल्या ओळख परेडीपेक्षा जास्त वजन हवे. जून २००३ मधल्या नाशिकजवळच्या हत्याकांडाने हे दाखवून दिले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. खटला चालला तो वेगळ्याच सहा जणांवर, आणि त्यात नंतरच्या ओळख परेडीचा आधार घेतला गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशी सुनावली.

जिने इतके सोसले ती खोटे का बोलेल, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे खोटेपणाचा प्रश्नच नाही. रात्रीच्या दहशतीत पाहिलेला चेहरा धूसर होतो आणि पोलिसांनी पुढे उभा केलेला चेहरा, अगदी प्रामाणिकपणे, त्याची जागा घेतो. परेड हा स्वतंत्र पुरावा नाही, असे न्यायालयेच सांगत आली आहेत. तरीही तिच्या आधारावर फाशीपर्यंत मजल गेली, हे मला भयंकर वाटते. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई दिली आणि चुका करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला.