तिरकी पटाशी

सत्तरीनंतर लेथवर लाकूड कातायला शिकतोय. तिरक्या धारेची पटाशी काही वश होईना. धारेचं वरचं टोक लागलं की खाडकन रुतते. नातीच्या लाटण्यावर खोल चरा पडला.

मग इतिहासात शिरलो (मास्तरांची खोड!). इंग्लंडात हाय विकंबजवळच्या जंगलात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारागीर ओल्या बीचचे खुर्चीपाय कातत. वर लवचीक दांडी, खाली पायफळी, मधे लाकडाला वेढा दिलेली दोरी. फळी दाबली की लाकूड कापलं जाई. सोडली की उलटं फिरे, तेव्हा पटाशी किंचित मागे. दर कापानंतर हाताला उसंत! माझी मोटर ती कुठली देणार?

आता आधी धारेमागचा उतार टेकवतो, मग मूठ हळूच उचलतो. काल पहिली लांब साल निघाली. चऱ्याचं लाटणं नात परत देत नाही.