वाळूजचे शिकाऊ उमेदवार

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, औद्योगिक इतिहासात मोठा कारखाना आधी आला आणि त्याला लागणारा कुशल कामगार नंतर घडला, हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय येथील उत्पादकांनी कामगारांच्या प्रशिक्षणात आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणात घातलेल्या लक्षाचा अर्थ लागत नाही. मुंबईत गिरण्या आणि रेल्वेच्या कार्यशाळा यांतून यंत्रकामाची जाण बापाकडून मुलाकडे जात राहिली. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हिमरू व पैठणीचे विणकर आणि कापडगिरणी सोडल्यास यंत्राशी त्याचा संबंध तुटपुंजाच राहिला. शिक्षणाची भूक मात्र मोठी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. परंतु शिकलेल्या तरुणांना सामावून घेतील असे उद्योग जवळपास नव्हते, आणि १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच अग्रभागी होते, यामागे हे एक ठळक कारण होते.

कारखाने आले ते मुख्यतः शासनाच्या धोरणामुळे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि पुढे गंगापूर तालुक्यातील वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभारल्या, तर १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेने, म्हणजे मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना करात व अन्य बाबतींत सवलती देणाऱ्या योजनेने, मुंबई-पुण्याच्या उद्योजकांना इकडे वळवले. या वाटचालीतील निर्णायक घटना बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची होय. आकुर्डीनंतरचा कंपनीचा हा मोठा कारखाना अवघ्या सोळा महिन्यांत उभा राहिला आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सोळा महिन्यांत इमारत बांधता येते आणि यंत्रे बसवता येतात, पण फिटर किंवा टर्नर तयार होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. नव्या कारखान्याला शिकवण्याची जबाबदारी टाळता येत नाही ती याच कारणाने.

या जबाबदारीची कायदेशीर चौकट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने आधीच आखून दिली होती. ठरावीक व्यवसायांत कामगारसंख्येच्या प्रमाणात शिकाऊ उमेदवार, म्हणजेच बोलीतले ‘अॅप्रेंटिस’, घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे या कायद्याने कारखान्यांना बंधनकारक केले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, अर्थात आयटीआयमध्ये, व्यवसायाचा पाया शिकलेला मुलगा पुढे कारखान्याच्या यंत्रावर हात बसवतो, ही त्यामागची कल्पना. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही या चौकटीत आले.

वाळूजचे वैशिष्ट्य असे, की ही शिकवण एका कारखान्याच्या भिंतींत राहिली नाही. दुचाकी बनवणारा उत्पादक असंख्य सुटे भाग बाहेरून घेतो, आणि भागाचे माप किंचित चुकले तरी जोडणीची साखळी थांबते, म्हणून पुरवठादाराच्या कामगाराचे कौशल्य ही मुख्य उत्पादकाचीही गरज ठरते. १९८५ साली सुरू झालेली आजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि त्यानंतरची व्हॅरॉक या दोन्ही कंपन्या बजाजला सुटे भाग पुरवतच वाढल्या. मोठ्या कारखान्याचे खरे शैक्षणिक ऋण या पुरवठादारांच्या लहान-मोठ्या शेडमध्ये शोधावे लागते, आणि इतिहासलेखनाने त्याकडे फारच थोडे लक्ष दिले आहे.

साचे आणि डाय बनवण्याचे काम, ज्यावर प्रत्येक सुट्या भागाची अचूकता अवलंबून असते, शिकवायला मात्र एकेकटा कारखाना अपुरा होता. ही उणीव चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने भरून काढली. जर्मनीच्या तांत्रिक साहाय्याने भारत सरकारने उभारलेली ही संस्था उद्योगांसाठी प्रत्यक्ष साचे बनवते आणि त्याच यंत्रांवर विद्यार्थ्यांना शिकवते. दहावीनंतरच्या येथील चार वर्षांच्या टूल अँड डाय मेकिंग पदविकेने सामान्य घरांतील मुलांना देशभरच्या कारखान्यांचे दरवाजे उघडून दिले. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासात या संस्थेचे स्थान कोणत्याही एका कंपनीपेक्षा वरचे मानावे लागेल.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. ‘शिका व कमवा’ धर्तीच्या योजनांत, तसेच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ साली आणलेल्या ‘नीम’ (राष्ट्रीय रोजगारक्षमता वृद्धी अभियान) योजनेत, प्रशिक्षणार्थी कर्मचारी मानला जात नसल्याने कायम कामगाराचे हक्क त्याला मिळाले नाहीत. अशा मुलाकडून उत्पादनाचे नेहमीचेच काम करून घेतले गेले, तर त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही, हा कामगार संघटनांचा आक्षेप रास्त आहे. प्रशिक्षण खरे होते की नाही हे कंपनीच्या अहवालातील आकड्यांवरून ठरत नाही. मुदत संपल्यावर त्या मुलाला दुसरीकडे कारागीर म्हणून मान्यता मिळते का, यावरून ते ठरते.

असे खरे प्रशिक्षण देणारी शाळा उत्पादक स्वतःही चालवू शकतो. २००१ साली शहराजवळच्या शेंद्रा येथे आलेल्या स्कोडा या मोटार कंपनीच्या मूळ गावी, चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव येथे, कंपनीची स्वतःची व्यवसायशाळा १९२७ पासून चालत आली आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटरने कर्नाटकातील बिडदी येथे २००७ साली ग्रामीण भागातील गरजू मुलांसाठी तीन वर्षांची निवासी तांत्रिक संस्था काढली, आणि त्याच कंपनीने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरातील प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. हा प्रकल्प जेथे येणार आहे त्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठी पैठण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी याआधीच संपादित झाल्या आहेत, आणि बिडदीसारखी शाळा येथे व्हावी, अशी मागणी करण्याचा पहिला हक्क त्याच घरांतील मुलांचा आहे.