बाळंतपणाचे आठ आणे

मुंबईच्या कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिति पाहण्यासाठीं मुंबई सरकारनें एका स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांचें नांव डॉ. बार्न्स. १९२२ च्या सुमारास या बाई एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलींत शिरल्या. खोली सुमारें पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद. तींत सहा कुटुंबें राहत होतीं. सहा चुली जमिनीवर मांडलेल्या होत्या, आणि लहानथोर मिळून तीस माणसें तेथें रात्र काढीत होतीं. त्यांतील तीन बायकांचे दिवस भरत आले होते. यांचीं बाळंतपणें व्हावयाचीं कोठें, असें विचारतां सोबतच्या परिचारिकेनें तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखविला. वेळ आली म्हणजे त्याला आडोसा करीत.

ज्या कायद्याची ही हकीकत आहे त्याचा जन्म अशाच खोल्यांतला आहे. गिरणींतील बाई अगदीं शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जाई, आणि अंगांत थोडी ताकद येतांच पुन्हां खात्यांत उभी राही. कारण गैरहजेरीचा दिवस म्हणजे बिनपगारी दिवस, आणि फार दिवस गैरहजर राहिल्यास जागाहि जाण्याची भीति. मागें राहिलेल्या मुलानें रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. गिरणी-कामगार स्त्रियांच्या शेंकडा ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असें डॉ. बार्न्स यांना आढळून आलें. त्या आयांना दोष देणें सोपें आहे. परंतु दहा-अकरा तास मूल सांभाळील असें घरांत दुसरें कोण होतें?

१९२१ सालीं मुंबईंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें ६६६ मुलें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद आहे. हा आंकडा मात्र जपून वाचला पाहिजे. कोंकणांतल्या व घाटावरच्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गांवीं जात. जन्माची नोंद गांवीं होई, मूल घेऊन आई मुंबईस परत येई, आणि मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या वहींत पडे. त्यामुळें शहराचें प्रमाण खऱ्याहून अधिक फुगलेलें दिसतें. तें कितीहि कमी केलें तरी उरेल तें भयंकरच होतें.

गिरणी-कामगारांसाठीं कायदे त्यापूर्वीं झालेच नव्हते असें नाहीं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता. १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं चालविलेल्या चळवळीनंतर १८९० मध्यें मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी आली, आणि १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाचे तास दिवसास अकरा ठरविले. परंतु या सर्व कायद्यांनीं मालकास सांगितलें तें इतकेंच कीं, अमुक तासांपलीकडे काम घेऊं नको. काम न केलेल्या दिवसांचे पैसे दे, असें म्हणण्याचें धाडस त्यांपैकीं एकानेंहि केलें नव्हतें. मजुरी ही कामाची किंमत, काम नाहीं तर दाम नाहीं, हा हिशेब सर्वांस स्वयंसिद्ध वाटत असे.

त्या हिशेबाला पहिला धक्का परदेशांत बसला. १९१९ मध्यें वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. हिंदुस्थानच्या कामगारांतर्फें भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी त्यास हजर होते. त्या परिषदेनें प्रसूतीनंतर सहा आठवडे काम बंद ठेवावें, प्रसूतीपूर्वीं सहा आठवडे रजेचा हक्क असावा आणि या काळांत बाईच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असा करार मंजूर केला. पैसे कोणी द्यावे हेंहि त्यांत सांगितलें होतें : एक तर सरकारी खजिन्यानें, नाहीं तर विम्याच्या पद्धतीनें. एकेका मालकानें आपल्या खिशांतून द्यावे, असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. पुढील सर्व गुंतागुंत या एका मुद्यांत आहे. जोशी यांनीं १९२४ मध्यें मध्यवर्ती असेंब्लींत प्रसूति-साहाय्याचें बिल आणलें. असेंब्लीनें १९२५ मध्यें तें फेटाळून लावलें.

मग तो प्रश्न मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत आला. रा. स. आसवले यांनीं मांडलेल्या बिलाची चर्चा १९२८ च्या जुलैंत चालू होती, आणि त्याच वेळीं मुंबईच्या गिरण्यांची चाकें थांबलेलीं होतीं. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला व त्यांत सुमारें दीड लाख कामगार सामील झाले. ता. २८ जुलै रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बिलाला पाठिंबा देण्यासाठीं उठले. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. लोककल्याण हें मुख्यतः सरकारचें काम. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनें उचलावयास हवा, हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. परंतु मालक पुरुषाऐवजीं स्त्रीला कामावर ठेवतो तो कांहीं धर्मबुद्धीनें नव्हे. त्यांत त्याचा अधिक फायदा असतो. ज्याला तो विशेष फायदा मिळतो त्यानें निदान कांहीं अंशीं हा खर्च सोसणें पूर्णपणें न्याय्य आहे. या भाषणांतील ‘कांहीं अंशीं’ हे शब्द विसरतां येण्यासारखे नाहींत. कायदा झाला तेव्हां ते शब्द राहिले नाहींत, आणि सर्व भार मालकावर पडला.

१९२९ चा मुंबई प्रसूति-साहाय्य कायदा हा हिंदुस्थानांतील कोणत्याहि प्रांतानें केलेला या प्रकारचा पहिला कायदा. प्रथम तो प्रमुख औद्योगिक शहरांतील कारखान्यांपुरता होता. सहा महिने नोकरी झालेल्या बाईस प्रसूतीपूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, म्हणजे फार तर सात आठवडे, दररोज आठ आणे द्यावयाचे. सातीं साता एकूणपन्नास दिवस, एकूण रुपये साडेचोवीस. प्रसूतीनंतर चार आठवडे तिला कामावर घेण्यास मालकास बंदी, आणि ती या कारणानें गैरहजर असतां तिला कामावरून काढून टाकण्यासहि बंदी. रक्कम मोठी नव्हती. पण ती दया नव्हती, बक्षिसी नव्हती, कोर्टांत मागतां येणारें देणें होतें. मध्यप्रांतानें लगेच १९३० मध्यें व मद्रासनें १९३४ मध्यें असाच कायदा केला.

व्यवहारांत काय झालें, तें पाहण्यासाठीं गिरणीच्या दरवाजाशीं जावें लागतें. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत, आणि त्यांच्यावर नायकीण असे. कोणास कामावर लावावयाचें आणि कोणास उद्यां येऊं नको म्हणावयाचें, हें बव्हंशीं तिच्या हातीं. कायद्याप्रमाणें पैसे मागावयाचे तर लेखी सूचना पाहिजे, मुलाच्या जन्माचा दाखला पाहिजे. मागणारीस अक्षरओळख नाहीं, आणि मूल तर खेड्यांत जन्मलेलें. १९३४ च्या दुरुस्तीनें मुदत आठ आठवड्यांची झाली खरी, परंतु त्याबरोबर हक्कासाठीं लागणारी नोकरी सहा महिन्यांची नऊ महिने झाली. बदली म्हणून येणाऱ्या बाईचे सलग नऊ महिने भरावयाचे कसे?

याहून मोठा दोष कायद्याच्या घडणींतच होता. ज्या गिरणींत दोनशें बायका, तिनें भत्ते मोजावयाचे. ज्या गिरणींत एकहि बाई नाहीं, तिला एक पैचीहि तोशीस नाहीं. अर्थात् खर्च टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे बायकाच कमी करणें. १९४६ च्या रेगे समितीच्या अहवालांत या युक्त्या नमूद आहेत : गरोदरपणाचीं पहिलीं चिन्हें दिसतांच बाईस काढून टाकणें, आणि नोकरीस घ्यावयाच्या त्या अविवाहित मुली, विधवा किंवा मूल होण्याचें वय उलटलेल्या बायका घेणें. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत सुमारें पांचांत एक कामगार स्त्री होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तें प्रमाण बरेंच उतरलें होतें. याचें सारें पाप आठ आण्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. नवीं वाइंडिंग यंत्रें आलीं, थोड्या माणसांकडून अधिक काम घेण्याची पद्धत आली; दुहेरी पाळी सुरू झाली आणि रात्रीं स्त्रियांना काम देण्यास फॅक्टरी कायद्याची मनाई होती. मालकांची तक्रार मात्र भत्त्याचीच मोठी, हें साहजिक आहे. यंत्राविरुद्ध तक्रार करणारा मालक कोणीं पाहिला आहे?

वॉशिंग्टनचा विम्याचा मार्ग १९४८ मध्यें कर्मचारी राज्य विमा कायद्यानें उघडला. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीचा एक निधि. बाई असो वा पुरुष, वर्गणी पगारावर, आणि बाळंतिणीचे पैसे त्या निधींतून. गिरणींत बायका किती, याचा मालकाच्या वर्गणीशीं संबंध तुटला. ही योजना १९५२ मध्यें कानपूर व दिल्ली येथें आणि १९५४ मध्यें मुंबईंत सुरू झाली. परंतु तोंपर्यंत वाइंडिंग खात्यांतील पुष्कळ जागा गेलेल्या होत्या, आणि त्या परत आल्या नाहींत.

जेथें विमा पोंचला नाहीं तेथें मुंबईचा जुनाच सांचा चालू राहिला. १९६१ मध्यें संसदेनें सर्व देशासाठीं प्रसूति-साहाय्याचा कायदा केला. त्यानें बारा आठवड्यांचा पगार दिला, पण तो पुन्हां मालकाच्याच खिशांतून. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं मुदत सव्वीस आठवड्यांची केली, आणि पन्नास किंवा अधिक माणसें असलेल्या जागीं पाळणाघराची सक्ती केली. त्या दुरुस्तीवरील वादांतहि, लहान धंदेवाले यापुढें बायकांना नोकरीच देणार नाहींत अशी भीति बोलून दाखविली गेली.